तिसऱ्या कर्ण्याच्या आत

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि पुढे पंढरपूरपर्यंत आमची पहाट कर्ण्यावर, म्हणजे तुतारीसारख्या वाद्याच्या इशाऱ्यावर, चालते. पहिल्या कर्ण्याला राहुट्या उतरवायच्या, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. आपलं अंथरूण गुंडाळून ट्रकपाशी नेऊन देणं हे ज्याचं त्याचं काम. एकाने उशीर केला की ट्रक खोळंबतो, तोवर रस्ता चालणाऱ्यांनी भरतो, मग ट्रक गर्दीमागून रांगत येतो आणि दुपारच्या विसाव्याला चूल उशिरा पेटते. एकाच्या दहा मिनिटांपायी सगळी दिंडी उपाशी चालते.

रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीतही तसंच: पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्यामागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. यात वीणा सांभाळणं सर्वांत अवघड. ती खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुसरा वेळेवर आला नाही तर पहिल्याला हलता येत नाही. म्हणून पाळी आदल्या संध्याकाळीच ठरते, तीही घड्याळावर नाही तर ठिकाणावर. पालखीची चाल गर्दीप्रमाणे मागेपुढे होते, गाव मात्र जागचं हलत नाही.

उत्साही माणूस ढेपाळतो तो बहुधा पुणे-सासवड टप्प्यात. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाट आणि वर एकादशीचा उपास. सकाळी पुढे पळणारे घाटाच्या पायथ्याशीच बसलेले दिसतात. नव्यांना आम्ही एवढंच सांगतो: पाऊल मृदंगाच्या ठेक्यावर ठेवा, भिजलेले मोजे विसाव्याला बदला, फोड आला तर फोडू नका. सासवडला पालखी एक दिवस जास्त थांबते, तेवढ्यात पाय सावरतात.

मुक्कामी समाजआरतीला चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, दंड उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मात्र वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते. आजचं गाऱ्हाणं उद्याच्या चालीत येऊ द्यायचं नाही, ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

खरी पारख परतवारीत होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालखी माघारी वळते. तोवर बहुतेक लोक गाडीने घरी गेलेले असतात. येताना जे अंतर अडीच आठवड्यांच्या वर घेतं, ते परतताना साधारण दहा दिवसांत कापायचं असतं. रोजची चाल वाढते, राबायला हात कमी. म्हणून भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, गोळा करतानाच आम्ही विचारून ठेवतो, परतीला कोण कोण आहे. पाण्याच्या टँकरची आणि चुलीची जबाबदारी जातानाही त्यांच्याकडेच देतो.