लाल कांद्याचा दुवा

गेल्या मार्चमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने माझ्या लेखाच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला, आणि त्या प्रश्नाचा राग मनातून जायला मला जवळजवळ आठवडा लागला. प्रश्न असा होता: "लोक रस्त्यावर बसले, यावरून ते रागावले होते हे कळते. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे कशावरून कळते?"

नाशिकमध्ये अकरा वर्षे मराठी शिकवल्यानंतर सध्या मी शिकागोजवळच्या एका उपनगरातील शाळेत सातवीच्या इंग्रजीच्या वर्गात मदतनीस शिक्षिका म्हणून काम करते, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. तिथे वसंत ऋतूत कित्येक आठवडे एकच गोष्ट शिकवली जाते: समोरच्याला पटवून देण्यासाठी लिहिलेला मजकूर वाचायचा आणि त्याचे भाग वेगळे करायचे. दाव्याला पिवळा रंग, कारणाला हिरवा, पुराव्याला निळा, विरुद्ध बाजूच्या म्हणण्याला आणि त्याला दिलेल्या उत्तराला गुलाबी. इलिनॉय राज्याने 2010 साली जो सामाईक अभ्यासक्रम स्वीकारला, त्यात या पायऱ्या इयत्तेप्रमाणे आखलेल्या आहेत. सहावीत दावा आणि त्याला धरून असलेला पुरावा, सातवीत विरुद्ध दाव्याची दखल, आठवीत मुद्द्याशी संबंध नसलेला पुरावा मध्येच घुसडलेला असेल तर तो ओळखणे. आपल्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेतही 'वैचारिक लेखन' असते आणि मी ते वर्षानुवर्षे तपासले आहे. पण विचारांचे भाग कोणते, हे मी मुलांना कधी विचारल्याचे आठवत नाही. सुरुवात आकर्षक, मध्ये एखादे सुवचन, शेवट प्रेरणादायी, अक्षर चांगले, की मी गुण देऊन मोकळी होत असे.

मुख्य शिक्षिकेने मला सरावासाठी एक नमुना लेख लिहायला सांगितला. विषय माझा मीच निवडायचा होता. मी मोठ्या उत्साहाने डिसेंबर 2023 मधील कांदा निर्यातबंदीवर लिहिले. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावले, तरी सरकारचे समाधान झाले नाही, मग डिसेंबरात निर्यातच बंद केली आणि ती मे 2024 पर्यंत उठवली नाही. लासलगावला लिलाव थांबले, भाव कोसळले, चांदवडला शेतकरी मुंबई–आग्रा महामार्गावर बसले. म्हणून ही बंदी अन्यायकारक होती. माझ्या मामांची निफाड तालुक्यात शेती आहे, तेव्हा लिहिताना माझा आवाज थोडा चढला असणार, आणि त्या लेखाचा मला अभिमानही वाटत होता.

त्यावर तो प्रश्न आला.

पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात त्या मुलाशी भांडत होते. तुझ्या आयुष्यात कांदा हा बर्गरमधला एक पातळ काप, तुला काय कळणार चांदवड! पण तिसऱ्या दिवशी लेख पुन्हा काढून नारिंगी रंगाचा पेन घेऊन बसले. नारिंगी हा या वर्गातला सर्वांत अवघड रंग आहे. पुराव्यापासून दाव्यापर्यंत घेऊन जाणाऱ्या वाक्याला तो द्यायचा असतो. मी त्याला माझ्यापुरते 'दुवा' म्हणते. माझ्या दीड पानाच्या लेखात नारिंगी करण्याजोगे एकही वाक्य नव्हते.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात हा दुवा स्वतंत्रपणे दाखवलेला आहे. त्याचे उदाहरण अगदी साधे आहे. हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन. यातली पहिली गोष्ट पुरावा, दुसरी दावा. आणि बर्म्युडात जन्मलेला माणूस साधारणपणे ब्रिटिश प्रजाजन असतो, हा न बोललेला दुवा. ज्याला बर्म्युडाचा कायदा ठाऊक आहे त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने पहिल्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो.

माझ्या लेखातला दुवा कोणता होता, हे नाशिकच्या वाचकाला मी वेगळे सांगण्याची गरज नाही. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरून भावाची वाट पाहता येते. लाल कांदा टिकत नाही, काढला की तो विकावाच लागतो. त्यामुळे त्या महिन्यात परदेशची वाट बंद करणे म्हणजे शेतकऱ्याला 'थांब' असेही म्हणता येणार नाही अशा जागी पकडणे. हे मी लिहिलेच नव्हते. ज्या गावात लहानाची मोठी झाले तिथे ते कोणीच कोणाला सांगत नाही, म्हणून लिहिण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. परदेशात राहायला लागल्यापासून माझी बरीचशी वाक्ये अशीच लंगडी पडतात, हे तेव्हा लक्षात आले. इथे मला आपल्या बाजूने वाद घालणारे भेटतात, विरुद्ध बाजूचेही भेटतात. मधले न सांगता समजून घेणारे मात्र कोणी भेटत नाही.

गुलाबी रंगाचाही प्रश्न होताच. कांदा महागला की आमच्या घरी आई भाजीबाजारातून येऊन पिशवी आपटत असे आणि सरकार काय झोपले आहे का, असे विचारत असे. मामांच्या घरी त्याच आठवड्यात पेढे वाटलेले असत. विरुद्ध बाजू माझ्याच घरात जेवायला बसत होती, आणि माझ्या लेखात तिला अर्धी ओळही मिळाली नव्हती.

आता थोडे आपल्या बाजूने बोलते, नाहीतर 'तिकडचे सगळे चांगले' असे म्हणणाऱ्यांत माझी गणना होईल. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान मांडण्याचे पाच भाग सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे. म्हणून त्यावर अग्नी आहे. या भागांना शास्त्रात 'अवयव' असाच शब्द आहे. माझा नारिंगी रंग इथे तिसऱ्या अवयवात, 'जिथे धूर तिथे अग्नी' या वाक्यात स्पष्ट बसवलेला आहे आणि तो गृहीत धरायला परवानगी नाही. मी हे मुख्य शिक्षिकेला फळ्यावर लिहून दाखवले. जाता जाता हेही ऐकवले, की हे गौतम म्हणजे आमच्या त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणारेच गौतम ऋषी. (दोघांचे नाव एक आहे, एवढाच माझ्याकडचा पुरावा. दुवा विचारू नये.) ती खरोखर प्रभावित झाली आणि तिने सहज विचारले, "मग तुमच्याकडे शाळेत हे कोणत्या इयत्तेत शिकवतात?" मी फळा पुसायला घेतला.

तरीही एक गोष्ट मी आजही सोडणार नाही. इथली मुले विरुद्ध बाजू ज्या तऱ्हेने लिहितात ती बघून मला हसू येते. 'काही लोक म्हणतील की' अशी एक ओळ, तिच्यात कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही असे एखादे दुबळे वाक्य, आणि पुढच्याच ओळीत त्याचा फडशा. गुलाबी रंग भरला, गुण मिळाले. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत एकाच महाविद्यालयातून एक जण अनुकूल आणि एक जण प्रतिकूल बोलायला उभा राहतो. तयारी दोघे मिळून करतात, एकमेकांचे मुद्दे एकमेकांनाच पुरवतात. मी तीन वर्षे प्रतिकूल बोलले आणि जोडीदाराची भाषणेही मीच लिहून दिली. मेमध्ये गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला वडिलांच्या शेजारी बसून जे ऐकले, ते तर कोणत्याही रंगात न मावणारे होते. तिथे टाळी पडली की मुद्दा सिद्ध झाला असे मात्र आम्ही सगळेच धरून चालत होतो, हेही कबूल केले पाहिजे.

जुलैमध्ये घरी आले तेव्हा पंचवटीतल्या माझ्या जुन्या शाळेने आठवीच्या वर्गावर एक तास घेऊ दिला. दादाला हे फारसे आवडले नव्हते. "अगं, इथे अकरा वर्षं होतीस तेव्हा का नाही शिकवलंस?" असे त्याने चहा पिताना विचारले. मी वर्गातल्या साठ-साठ मुलांचे, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यांचे, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामांचे कारण सांगितले. ते खरे आहे. तिथे माझ्या वर्गात चोवीस मुले असतात आणि रंगीत पेन शाळा पुरवते, हेही खरे आहे. पण या कारणांनी नेमका कोणता दावा सिद्ध होतो, शिकवता आले नाही हा की नाशिक सोडले ते योग्यच केले हा, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. म्हणून मी दुसरा कप मागितला.

वर्गात बावन्न मुले होती. रंगीत पेन सर्वांकडे असणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या: दाव्याखाली सरळ रेघ, कारणाखाली नागमोडी, पुराव्याभोवती चौकट आणि दुव्याला बाण. मजकूर मी आदल्या रात्री लिहिला होता. गणपतीच्या मूर्तींचे विसर्जन नदीपात्रात न करता कृत्रिम तलावात करावे, असे अर्ध्या पानाचे आवाहन. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, विसर्जनानंतर पात्रात भंगलेल्या मूर्ती दिसतात, वगैरे. सुरुवातीला 'गोदामाई आपली आई आहे' असे एक वाक्य घातले होते. ते मी केवळ लक्ष वेधण्यासाठी घातले होते, आणि मुलांनी ते भावनेला केलेले आवाहन म्हणून बाजूला काढावे अशी माझी अपेक्षा होती.

"बाई, हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे पहिल्याच मिनिटाला आला. दावा अर्ध्या मिनिटात सापडला. चौकटी मात्र जिकडेतिकडे पडल्या; 'गोदामाई आपली आई आहे' या वाक्याभोवतीही बऱ्याच जणांनी चौकट काढली होती. हा पुरावा कसा होईल, कोणी मोजला, कोणी तपासला, असे मी शिकवण्याच्या सुरात समजावू लागले, तेव्हा तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, तो पुरावा नाहीये. तो दुवा आहे. मूर्ती विरघळत नाही एवढ्यावरून काही होत नाही, पण नदी आई असेल तर तिच्यात ते टाकायचं नाही ना." मी खडू खाली ठेवला. पुस्तकी भाषेत ज्याला मी भावनेचे आवाहन म्हणून कोपऱ्यात टाकणार होते, त्याच वाक्यावर माझा सगळा लेख उभा होता, आणि लिहिणारीला त्याचा पत्ता नव्हता. कांद्याच्या वेळी दुवा लिहायचा राहिला होता. या वेळी तो लिहूनही मला ओळखता आला नाही.

मी त्याला शाबासकी देऊन पुढे जाणार, तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरचा गणपती दरवर्षी नदीवरच जातो आणि यंदाही तिथेच जाणार आहे, असे तिने आधी सांगितले. मग म्हणाली, "आजी पण हेच म्हणते. गोदामाई आई आहे, म्हणूनच बाप्पाला तिच्या कुशीत सोडायचं, तलावात नाही. मग बाई, मी बाण कोणीकडे काढू?"

मी तिला दोन्हीकडे काढायला सांगितले, आणि लगेच वाटले की हे उत्तर मी सुटका करून घेण्यासाठी दिले आहे. तिने तसा काढलासुद्धा, दोन्ही टोकांना टोक असलेला. तो कागद मी मागून घेतला आणि पासपोर्टच्या पिशवीत ठेवून इथे आणला.

पुढच्या वसंतात नमुना लेख म्हणून तोच मजकूर वापरायचा, असे मुख्य शिक्षिकेशी ठरले आहे. आजीचे म्हणणे या वेळी मी पूर्ण परिच्छेदात लिहिले आहे. 'आई' या शब्दापाशी भाषांतर अडले होते, कारण नदीला आई म्हणण्यामागे काय काय येते हे इथल्या मुलांना ठाऊक असेल असे धरून चालता येत नाही. तेही चार ओळींत लिहून काढले. 'गोदामाई आपली आई आहे' या वाक्याला कोणता रंग द्यायचा हे मुख्य शिक्षिकेने मला विचारले आहे आणि मी अजून सांगितलेले नाही. समास मात्र मागच्या वेळेपेक्षा रुंद सोडला आहे.