कॉट भिंतीपासून चार बोटं

होस्टेलची खोली ताब्यात मिळते तेव्हा तिच्यात जे असतं ते रेक्टरबाईंच्या रजिस्टरात एका ओळीत मावतं. लोखंडी कॉट दोन, टेबलं दोन, खुर्च्या दोन, भिंतीतलं कपाट एक, ट्यूबलाइट एक. खाली सही करायची. रजिस्टरापुरती खोली आपली होते. आधीच्या मुलीनं कपाटाच्या दाराला चिकटवलेला गणपती अर्धाच निघालेला असतो, खिडकीच्या गजाला कुणाच्या तरी दोरीचा तुकडा लटकत असतो, आणि आपण वळकटीवर बसून विचार करतो, की आता इथं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

साताऱ्याला मी शिकायला आले ती माण तालुक्यातून. सातारा जिल्हा नकाशावर एकच दिसतो. पण त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आणि पूर्वेला आमचं माण, तिथं त्याचा दहावा हिस्सा पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. रेक्टरबाईंनी माझ्या खोलीत जी मुलगी टाकली ती जावळीची, बामणोलीच्या बाजूची, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर वाढलेली. जिल्ह्याची दोन टोकं दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवण्यात बाईंचा काही हेतू नसावा. त्यांनी फक्त अर्ज एकावर एक ठेवले असणार.

आल्या संध्याकाळी मी पाणी भरलं. बादली, तांब्या, बाटल्या, डब्याचं रिकामं झाकण, जे हाताला लागेल ते. ती कॉटवर पाय हलवत बघत होती.

“नळाला उद्या पण येणारंय की पाणी.”

मला हे वाक्य कळायचंच नाही. उद्या पाणी येणार हे कुणी कुणाला कसं सांगू शकतं? आमच्याकडे टँकर कधी येणार हे सरपंचालाही ठाऊक नसायचं. तोंड धुताना ती नळ मोकळा सोडून दात घासायची आणि मी उठून बंद करायची. ती पुन्हा सोडायची. पहिला महिनाभर आमची ओळख अशी नळावरच चालू होती.

मग जुलै आला. माणदेशी माणसाला साताऱ्याचा जुलै म्हणजे आधी चमत्कार आणि आठ दिवसांनी शिक्षा. खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा सकाळी गायब झाला की संध्याकाळपर्यंत परत येत नसे. दोरीवरचे कपडे वाळत नसत, नुसते जुने होत. माझ्या ट्रंकेत ठेवलेल्या चपलेवर हिरवट बुरशी आली, वह्यांची पानं फुगली, अंथरुणाला कुबट वास यायला लागला. आता खोली जावळीच्या ताब्यात गेली. तिनं माझ्या कॉटचा पाय धरला आणि ओढला.

“भिंतीला चिकटून काय झोपतीस? चार बोटं जागा सोड. बाहेरची भिंत ही, पाऊसभर पाणी पिणार.”

माझी ट्रंक तिनं दोन विटांवर चढवली. कपाटात वाटीभर जाडं मीठ ठेवलं, ओल ओढून घ्यायला. दुपारी पावसाची उघडीप झाली की कपाटाची दारं सताड उघडी. त्याचं कारणही तिनं सांगितलं होतं. ओल सगळीकडेच असते, पण बुरशी धरते ती वारं न फिरणाऱ्या जागी. भिंत आणि कॉट यांच्या मध्ये, गादीच्या खाली, बंद कपाटात. म्हणून सगळ्या वस्तूंना थोडं थोडं अंतर द्यायचं. घर सजवण्याबद्दल पुढं मासिकांतून पुष्कळ वाचलं, पण इतकं उपयोगाचं काही मिळालं नाही.

माझ्याकडचं एकच सामान तिला पहिल्यापासून खटकायचं, ते म्हणजे घोंगडं. आमच्याकडं मेंढरं पाळतात, म्हसवडच्या बाजूला घोंगड्या विणतात, त्यामुळं घरातून निघताना आईनं काही दिलं नाही तरी घोंगडं देणारच. दमट हवेत त्याला मेंढराचा वास सुटतो हे मला मान्य आहे. ती नाकाला रुमाल लावून झोपायची, अर्थात थोडं नाटक त्यात होतंच. पण ऑगस्टमध्ये तिची सोलापुरी चादर धुतली गेली आणि वाळेचना. लोकर ओलसर असली तरी ऊब सोडत नाही. सुताचं तसं नाही. एके सकाळी बघते तर घोंगडं तिच्या अंगावर आणि मी दोन साड्यांची घडी पांघरून. वासाबद्दलचं बोलणं तिथं थांबलं. घोंगडंही तिथंच राहिलं.

उजेडाचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड सगळ्या खोलीला दवाखान्याची कळा आणतो, त्यात स्वतःचा चेहराही आजारी दिसतो. मोती चौकात पेढ्यांच्या दुकानांकडं न बघता (पैसे मोजून आणलेले) चाळीस वॅटचा पिवळा बल्ब आणि होल्डर घेतला. टेबलापाशी तो लागला आणि खोली निम्मी झाली. उरलेल्या अंधारात भिंतीवरचे डाग, रंगाचे पोपडे, न घासलेला डबा, सगळं बुडून गेलं. भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती, म्हणून एकही फोटो लागला नाही. त्यावाचून काही अडलंही नाही.

साताऱ्यातली म्हातारी माणसं होस्टेलला अजून बोर्डिंग म्हणतात. ते कर्मवीर भाऊराव पाटलांमुळं. 1924 साली त्यांनी इथं जे वसतिगृह सुरू केलं त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीला जेवायची. 1927 मध्ये गांधीजी आले, तेव्हा छत्रपती शाहूंचं नाव त्याला दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही, हे जिल्ह्यातलं शाळेत गेलेलं प्रत्येक मूल जाणतं. मला मात्र त्या गोष्टीत वेगळंच कुतूहल वाटत आलंय. एकमेकांच्या घरचं पाणी न पिणाऱ्या घरांतून आलेली ती पोरं पहिल्या रात्री एका छपराखाली कशी झोपली असतील? कुणाचं अंथरूण कुणाला लागलं म्हणून, कुणी आधी वाढून घेतलं म्हणून भांडली असतीलच. इतिहासात ती भांडणं येत नाहीत. यायला हवीत. परक्याशी माणूस जपून बोलतो, “आधी तुम्ही घ्या” म्हणतो. भाकरीवरून भांडायला थोडा तरी हक्क वाटावा लागतो.

आमच्या खोलीत तो हक्क डब्यानं आणला. पंधरा दिवसांतून एकदा आमच्याकडच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती डबा यायचा. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत गाडी स्टँडला लागेपर्यंत बाजरीची भाकरी कडक झालेली असे, आणि तीच मला आवडे. सोबत शेंगदाण्याची चटणी. तिच्याकडून नाचणीची भाकरी यायची. ती पहिल्यांदा बघून मी “ही जळलीय का?” म्हणाले, तर तिनं दोन दिवस अबोला धरला. मग मुंग्या झाल्या. कुणाच्या डब्याला झाल्या यावर अबोला सुटला, कारण बोलल्याशिवाय भांडता येत नाही. दिवाळीच्या सुटीला गावी गेले तेव्हा आईनं विचारलं, “करमतं का गं तिथं?” मी जावळीच्या पोरीबद्दल तक्रारी सांगायला बसले ते चूल विझेपर्यंत. आई मध्येच म्हणाली, “करमतंय म्हणायचं.”

यंदा भाची साताऱ्याला कॉलेजात गेली. तिच्या मोबाइलमध्ये खोलीची यादी होती. दिव्यांची माळ, भिंतीला चिकटणारी वेलबुट्टी, प्लॅस्टिकचं रोप, आणि वास येणारी मेणबत्ती, जी कुठलीही रेक्टर चालू देणार नाही. माळ तिनं घ्यावी, बिघडत नाही. आमच्या पिवळ्या बल्बचीच ती नात आहे. मी आपलं वाटी, दोरी, चिमटे आणि दोन विटा एवढं सुचवलं. विटा ऐकून ती हसली.

परवा तिचा फोन आला. माळ लागली, वेलबुट्टी ओलीनं सुटून पडली, मेणबत्ती रेक्टरबाईंच्या कपाटात. खोली कशी वाटते म्हटलं तर म्हणाली, “ठीकाय.” मग जरा थांबून सुरू झाली.

“मावशी, ती पाटणची आहे ना, ती माझा टॉवेल दोरीवरून काढून स्वतःचा घालते. रोज! आणि पंखा एकवर ठेवते. आणि माझी चटणी संपवून वर म्हणते तिखट कमी होतं.”

“मग तू काय केलंस?”

“मी पण तिचं लोणचं खाल्लं. थांब, ठेवते फोन, ती आली. आज टॉवेलाचं बघतेच मी.”