पेश इमामांचा पगार मार्गी लावताना: माझा अनुभव

मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेश इमामांचा पगार दरमहा वेळेवर जावा म्हणून जमातीच्या (मशिदीशी जोडलेल्या समाजाच्या) हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या, तर पहिला घोळ देणगीच्या पेटीतच सापडला. जकात (मालमत्तेवरचं सक्तीचं दान), फितरा (रमजान ईदचं दान), लिल्लाह (ऐच्छिक देणगी) सगळं एकत्र पडत होतं आणि पगारही त्यातूनच निघत होता. आम्ही पाळतो त्या हनफी पंथाच्या नियमानुसार जकात गरजूला मालक करून, मोबदल्याशिवाय द्यावी लागते. पगार म्हणजे कामाचा मोबदला, म्हणून त्यातून देणाऱ्याची जकात अदाच होत नाही. कुर्बानीचं कातडं विकून आलेल्या पैशालाही हेच लागू. इमामांची मालमत्ता निसाबाखाली (जकात लागू होण्याची मर्यादा: साडेबावन्न तोळे, सुमारे ६१२ ग्रॅम चांदीची किंमत) असेल आणि ते सय्यद (पैगंबरांच्या घराण्यातले) नसतील, तर त्यांना जकात चालते. पण ती पगारात धरायची नाही.

म्हणून दोन पावतीपुस्तकं छापली. हिरवं लिल्लाहचं, पिवळं जकात-फितऱ्याचं. पावती फाडण्याआधी ‘कशाचे?’ हे विचारायचंच. क्यूआर कोडवर आलेले पैसे कशाचे ते कळत नाही, म्हणून कोड फक्त लिल्लाहच्या खात्याचा लावला. पगाराचा मुख्य भार दुकानगाळ्यांच्या भाड्यावर टाकला; चंदा रमजानात फुगतो आणि पावसाळ्यात आटतो.

तरावीहच्या (रमजानातल्या रात्रीच्या खास नमाजच्या) हदियाचंही, म्हणजे भेट म्हणून मिळणाऱ्या रकमेचंही तसंच; तो पगारात धरायचा नाही. इमामत, अजान आणि तालीम यांचा मोबदला नंतरच्या हनफी फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) जायज ठरवला. तरावीहमध्ये कुरआन ऐकवण्याचा ठरवून घेतलेला मोबदला बहुतेक हनफी उलेमा नाजायज मानतात. त्यामुळे ‘रमजानात हदिया मिळतोच की’ म्हणत वर्षभर पगार कमी ठेवणं मुळातच चूक.

‘वक्फ बोर्ड (धार्मिक दानाच्या मालमत्तांवर देखरेख करणारं सरकारी मंडळ) पगार देईल ना?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये इमामांना मोबदला देण्याबाबत निकाल दिला हे खरं. पण आमच्यासारख्या मशिदीत पगार जमातीलाच उभा करावा लागतो. २०२४ मध्ये राज्याने मदरशांतल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० केलं, तेही शालेय विषय शिकवणाऱ्यांचं. हिफ्ज घेणाऱ्या (मुलांकडून कुरआन पाठ करून घेणाऱ्या) हाफिजांना त्याचा उपयोग नाही.

इमामांच्या म्हातारपणासाठी केंद्र सरकारची श्रमयोगी मानधन ही असंघटित कामगारांची पेन्शन योजना घेतली. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० पर्यंत, आयकर किंवा पीएफ नको. २९ व्या वर्षी नाव घातलं तर महिना १०० रुपये, तितकेच सरकारचे, आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. सीएससी (सरकारी सेवा देणाऱ्या) केंद्रात आधार आणि पासबुक न्यायचं, पहिला हप्ता रोख. अडतं ते दोन ठिकाणी. बिहार-यूपीहून आलेल्यांच्या आधारवर आणि पासबुकात नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. आधी ते दुरुस्त करायचं. आणि पगार रोख दिला तर खातं रिकामं राहून हप्ता परत जातो. म्हणून आता पगार १ तारखेला थेट खात्यात.

बांगी (अजान देणारे) चाळिशी ओलांडलेले, त्यांना ही योजना बंद. त्यांच्या नावे लिल्लाहच्या खात्यातून पोस्टात पाच वर्षांची आरडी काढली आहे.