ब्राह्मी (दुसरी)

आईच्या वहीत केसांच्या तेलाची कृती आहे, त्यात लिहिलंय, 'ब्राह्मी दोन जुड्या (दुसरी, त्या बाईकडची)'. आता दुसरी म्हणजे कुठली आणि ती बाई कोण, हे विचारायला आई नाही. म्हणून रविवारी सकाळी दादरला गेले, स्टेशनबाहेर पाल्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका मावशींकडे ब्राह्मी मिळाली, गोल पानांची. घरी आणली तर शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं ही ब्राह्मी नव्हेच, खरी ब्राह्मी बारीक लांबट जाडसर पानाची, ही मंडूकपर्णी. मी मावशींची बाजू घेतली, कारण पैसे देऊन बसले होते.

रात्री वाचत बसले तर कळलं, दोघीही बरोबर. आपल्याकडे दोन्हीला ब्राह्मी म्हणतात आणि हा वाद वैद्यांमध्येही जुनाच आहे.

मग लक्षात आलं की औषधी झाडांवरच्या पुस्तकांचा सगळा इतिहासच 'ही ती का?' या एका प्रश्नाभोवती फिरतोय. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज नावाच्या ग्रीक वैद्याने सहाएकशे वनस्पतींची माहिती लिहिली, पुढे दीडेक हजार वर्षं युरोप आणि अरब जग त्याच्यावर चाललं. इ. स. ५१२च्या सुमाराची त्याची एक सचित्र प्रत आजही व्हिएन्नात आहे, चित्रं बघत राहावीत अशी. पण पुढे चित्रावरून चित्र, त्याच्यावरून आणखी एक, असं करत करत बऱ्याच प्रतींत झाड ओळखूच येईनासं झालं, म्हणजे आपलं झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं ना, तसं. शेवटी १५३० मध्ये ब्रुनफेल्स या जर्मन अभ्यासकाच्या वनस्पतींवरच्या पुस्तकासाठी हान्स वायडिट्झ या चित्रकाराने खरी रोपं समोर ठेवून चित्रं काढली, त्यात कोमेजलेली आणि फाटकी पानंसुद्धा जशीच्या तशी आली. माझी जुडी लोकलमधून घरी पोचेपर्यंत जशी झाली होती ती त्याला फार आवडली असती.

आपल्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या संस्कृत कोशांमध्ये, चित्रंच नाहीत, नुसते श्लोक, एकेका झाडाची दहा-पंधरा नावं. पूर्वी मला हे नुसतं पाठांतर वाटायचं. पण गुळवेलीची नावं बघा, छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरची वेल वॉचमनने खालून कापली तर वर लोंबकळणाऱ्या तुकड्यानेच खाली मुळ्या सोडल्या, तो बिचारा घाबरला होता. दुसरं नाव चक्रलक्षणा, कांडं आडवं कापलं की चाकासारखी नक्षी दिसते. चित्र नाही, पण नावातच खूण ठेवलीय! आणि चरक तर सरळ सांगतो की वनस्पती नावारूपाने ओळखतात ते रानातले गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी. वैद्यानेच हे लिहून ठेवावं याचं मला फार बरं वाटलं.

यात आपली मुंबई पण आहे बरं का. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर, त्याच्याकडे मुंबई बेट चक्क भाडेपट्ट्याने होतं. एवढ्या गावात दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं भरताना आपला जीव जातो ते सोडा. त्याचं घर टाउन हॉलच्या मागे, हल्ली नेव्हीच्या ताब्यात असलेल्या आवारात होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात दोन डॉक्टर गप्पा मारत इथल्या औषधांची माहिती देतात, आणि आंब्याचा विषय चालू असताना मुंबईहून आंब्यांची टोपली येऊन पोचते. औषधांच्या पुस्तकात आंबे मध्येच यावेत, यावरून माणूस इथे रुळला होता हे कळतं. तो गेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो मूळचा ज्यू. ते वाचल्यावर मात्र मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

शंभरेक वर्षांनी डचांनी मलबारच्या झाडांवर 'हॉर्टस मलबारिकस' काढलं, १६७८ ते १६९३, बारा खंड. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची माहिती आहेच, पण रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांनी दिलेलं प्रमाणपत्रही आहे, नागरी लिपीत. ॲमस्टरडॅमला छापलेल्या पुस्तकात. चित्र कितीही चांगलं असलं तरी 'हो, हीच ती' म्हणणारं कुणीतरी ओळखीचं लागतंच.

माझ्याकडे ओळखीच्या दोघी होत्या आणि त्यांचं एकमत होत नव्हतं. शेवटी गोल पानाचीच वाटून घेतली, खोबरेल तेलात चरचर थांबेपर्यंत कढवली, गाळली. बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं, 'ब्राह्मी, गोल पानाची, दादर स्टेशनबाहेरच्या मावशींकडची'. वहीत आईच्या ओळीखालीही तेच लिहिलं. काकूंना अजून दाखवलेलं नाही.