अडुळशाची छाटणी

दुपारी पाऊस उघडला तसा कुंपणालगतचा अडुळसा छाटून घेतला. जून फांद्यांच्या वीतभर काड्या केल्या, प्रत्येकीला तीन-चार डोळे, आणि निम्म्या मातीत खोचल्या. या झाडाचे काही लाड नाहीत. पान इतकं कडू की शेळीही सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर गावाकडे याचं कुंपण करतात.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "यांचा खोकला जात नाहीये गं, पाच-सहा पानं दे." दिली. काढा कसा करायचा ते मी त्यांना काय सांगणार, त्यांनीच मला शिकवलंय! फक्त एवढं म्हटलं की सूनबाईंना चुकूनही देऊ नका. त्यांना दिवस गेलेत आणि अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आणि काकांचा खोकला फार लांबला तर सरळ डॉक्टरकडे न्या. 'झाडपाल्याने काही होत नाही' हे वाक्य मला दोन्ही अर्थांनी पटत नाही.

खोकल्याच्या बऱ्याच सिरपच्या बाटल्यांवर ब्रोमहेक्सिन लिहिलेलं असतं ना? कफ पातळ करणारं ते औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार केलं गेलं. हे वाचल्यापासून कुंपणाकडे बघताना मला उगाचच ऐट वाटते.

बऱ्याच काड्या उरल्या आहेत. पावसात पटकन रुजतात. हव्या असतील त्यांनी रविवारपर्यंत घेऊन जा, पिशवी आपापली आणा.