टॅन हिलचा पब, बाबा आणि लाळ्या-खुरकूत

इंग्लंडच्या खेड्यातल्या पबात जेवायचं तर भूक घड्याळ बघून लागायला पाहिजे. यॉर्कशायरच्या स्वेलडेल खोऱ्यातल्या एका पबात अडीच वाजायला पाच मिनिटं असताना "किचन बंद झालं" म्हणाले, पुढच्या गावात दार उघडं, शेकोटी पेटलेली, बियर पाहिजे तेवढी घ्या पण खायला फक्त वेफर्सचं पाकीट, जेवण संध्याकाळी सहानंतर. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लेक परदेशात असतो आणि बापाला उपाशी ठेवतो वगैरे अजून बोलले नव्हते, पण ते येणारच होतं.

मग केल्ड गावावरून वर टॅन हिल. घर नाही, झाड नाही, रस्त्यात मेंढ्या बसलेल्या. आणि एकदम माळावर एकटाच उभा असलेला तो दगडी पब, १,७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच पब म्हणे. साडेचार हजार फुटांच्या महाबळेश्वरात कणीस खाल्लेल्या माणसाला त्याचं काय कौतुक असणार, पण गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने हातातून ओढून नेलं. पूर्वी इथे कोळशाच्या खाणी होत्या, त्या गेल्या, खाणकामगार गेले, पब राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्फाच्या वादळात साठेक लोक इथे तीन रात्री अडकले होते आणि त्यांच्यासोबत ओॲसिस या जुन्या इंग्लिश बँडची गाणी म्हणणारा एक बँड पण अडकला होता, म्हणजे नक्की कोणाची कीव करायची तेच कळत नाही.

किचन चालू होतं!! थाळीएवढं यॉर्कशायर पुडिंग, नावाला पुडिंग पण गोड नाही, मैदा-अंड्याची भाजून फुगवलेली वाटी, आत सॉसेज आणि ग्रेव्ही. बाबा माळकरी, म्हणून त्यांना भाजलेला अख्खा बटाटा आणि बीन्स. बायको शाकाहारी पण पिंट पिणारी, तिची एल, म्हणजे इथली पारंपरिक बियर, हातपंपाने तळघरातल्या पिंपातून ओढून येते, वरून गॅस मारत नाहीत, बारा अंशाच्या आसपास असते म्हणून आपले लोक तिला कोमट म्हणून नाकं मुरडतात. मी मुद्दाम सांगितलं की ही एल निवळायला पुष्कळ ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. तिने शांतपणे विचारलं, "इथे घालतात का?" आणि उत्तराची वाट न बघता प्यायली.

बारवर रांग नसते, पण कोणाचा नंबर आहे ते सगळ्यांना माहीत असतं. माझ्याआधी उभा असलेला म्हातारा बाबांकडे बघून म्हणाला, आधी त्यांचं घ्या, ते गारठलेत. झालं. बाबा त्याच्या टेबलावर. तो मेंढीवाला, आणि बाबा आटपाडीला पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेले. मी मध्ये दुभाषा, माझं पुडिंग गार.

तो सांगत होता की इथल्या डोंगरावर कुंपण नाही तरी मेंढ्या आपापल्या हद्दीतच चरतात, आई पिल्लाला हद्द शिकवते, पिढ्यानपिढ्या तसंच चालतं. म्हणून २००१ साली जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग आला तेव्हा नुसती जनावरं गेली नाहीत. शेजारच्या कंब्रिया परगण्यातल्या त्याच्या मेहुण्याचा अख्खा कळप मारला, मग नवीन मेंढ्या आणल्या तर त्यांना डोंगरच माहीत नाही, कुठेही भटकायच्या.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "मारला? लस नाही टोचली?"

नाही टोचली. देशभरात साठ लाखांच्या वर जनावरं मारली. लस टोचली की रोगमुक्त देश म्हणून निर्यात करता येत नाही वगैरे. हे मी जमेल तसं भाषांतर केलं, पण बाबा ऐकेचनात. आयुष्यभर सायकलवर लशीचा थर्मास घेऊन वाड्यावस्त्या हिंडलेला माणूस, लोक जनावर पळवून न्यायचे, दूध आटतं म्हणून शिव्या द्यायचे, तरी टोचायचेच. "अरे त्याला विचार, कोणीच भांडलं नाही का?" मी विचारलं. म्हातारा म्हणाला, भांडलो की, पुष्कळ. दोघंही जरा वेळ नुसते मान हलवत बसले आणि मला मध्ये भाषांतर करायला काहीच उरलं नाही.

मग विषय मेंढ्यांच्या किमतीवर आला, देवा शप्पथ मला हायसं वाटलं. तो म्हणाला इथल्या स्वेलडेल जातीचा चांगला नर मेंढा लिलावात हजारो पौंडांना जातो. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. २०२० साली आमच्याकडे माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली होती, आणि मालकाने दिला नाही! मी पौंडात करून सांगितलं, सत्तर हजार वगैरे. म्हाताऱ्याने मला परत हिशोब करायला लावला, मग बारवर ओरडून तिथल्या सगळ्यांना सांगितलं, आणि बाबांना फोटो दाखव म्हणून मागे लागला. रेंज नाही. वायफायचा पासवर्ड आणायला अर्थातच मी.