रविवारची अंडी

मी कॅन्ससमधे जुनी कागदपत्रं स्कॅन करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. एरवी कोर्टाचे नाहीतर नगरपालिकेचे खोके येतात, कंटाळवाणं काम. गेल्या मार्चमधे मात्र एका गावातलं प्रेस्बिटेरियन चर्च कायमचं बंद होत होतं आणि त्यांची दप्तरं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत जायच्या आधी स्कॅन करायची होती, म्हणून मी मशीन गाडीत टाकून निघालो. गाव म्हणजे धान्याचं उंच कोठार, एक पेट्रोल पंप आणि चारी बाजूंनी गहू. या भागात पूर्वी झाडंच नव्हती, त्यामुळे लोकांनी कुंपणाचे खांबसुद्धा चुनखडीच्या दगडातून कापून काढलेत, मैलभर बघत जा नुसते दगडी खांब. चर्चही त्याच पिवळट दगडाचं.

किल्ली घेऊन एक आजीबाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या 'सेशन'च्या शेवटच्या क्लार्क. यांच्यात बिशप वगैरे नसतो, मंडळींनी निवडलेले एल्डर आणि पास्टर मिळून कारभार बघतात, त्याला सेशन म्हणायचं. शेवटी रविवारी यायला नऊजण उरले होते. पोरं विचिटा नाहीतर कॅन्सस सिटीला गेली, ट्रॅक्टर मोठे झाले, माणसं कमी लागायला लागली, आपल्याकडच्या गावांसारखंच.

तळघरात सहा खोके. पहिली वही 1880 च्या दशकातली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळतात म्हणून आलेली ही माणसं, धड घरं नाहीत आणि सेशनच्या बैठकांच्या नोंदी बघाल तर काय, अमका नाचाला गेला, त्याला बोलावून समज दिली! मला हसूच आलं. 1935 मधे धुळीमुळे उपासना झाली नाही असं दोनदा लिहिलंय, बाकी काही नाही, एवढीच एक ओळ.

पण खरी मजा बायकांच्या मिशनरी सोसायटीच्या वहीत होती. यांच्या पंथात बायकांना एल्डर व्हायची परवानगी 1930 ला मिळाली, पण पैसा त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच जमवत होत्या हे पानापानावर दिसतं. एक रकाना होता 'संडे एग्ज'. मला वाटलं ईस्टरचं काहीतरी असेल. आजी म्हणाल्या, नाही रे, रविवारी कोंबड्या जी अंडी देतील ती देवाची, ती विकून पैसे मिशनला. दोन डझन, 18 सेंट. दीड डझन, 13 सेंट. आणि त्याच पानाच्या तळाशी, शाई फिकी झालेली, 'कोल्हापूरचे पत्र वाचून दाखवले'.

मी मिरजेचा. तिथेच खुर्चीवर बसलो. कोल्हापूर-मिरजेचं मिशन याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांचं, डॉ. वॉनलेसनी 1894 ला मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं ते यांच्याच मिशन बोर्डाकडून येऊन. माझ्या आजीचा मोतीबिंदू तिथेच काढला, घरात सगळे नुसतं 'मिशन' म्हणायचे. आता हे 18 सेंट कुठे गेले कोण सांगणार, बोर्डाच्या मोठ्या थैलीत पडले असतील. पण आमच्या गावाशेजारचं नाव त्या वहीत त्या बाईने किती जपून लिहिलंय, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

आजींना सांगितलं तर त्यांनी आधी मला कोल्हापूर नीट म्हणायला लावलं. चार वेळा. 'ळ' नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले.

मग त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. त्या नावापुढे महिनोन्महिने शून्य. ही माझी पणजी, म्हणाल्या, तिच्या कोंबड्या सोमवार ते शनिवार झकास अंडी द्यायच्या आणि रविवारी एकही नाही. गावात सगळे म्हणायचे, हिच्या कोंबड्या आपल्या पंथाच्या नाहीतच, मेथडिस्ट आहेत.

ते पान मी दोनदा स्कॅन केलं.